वडील वृद्धाश्रमात पोटभर जेवतात, तरी खुर्चीतून उठता येत नाही. प्रोटीन पावडर सुरू करू का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, लातूरकडच्या एका वृद्धाश्रमात नियमित जातो. वडील ७८ वर्षांचे, वजन ५५ किलो, बीपी-शुगर आटोक्यात, असं तुम्ही लिहिलंय. पावडरचा डबा घेण्याआधी एकदा संध्याकाळच्या पंगतीला जाऊन त्यांचं ताट बघा.

आमच्याकडे दिसतं ते असं. कवळी हिरडीला लागते म्हणून ती उशाशी डबीत. मग भाकरी वरणात कुस्करायची. वरण पातेल्यात ढवळलेलं नसतं, डाळ तळाशी बसते आणि वाटीत येतं वरचं पिवळं पाणी. पोट भरतं, पण ज्वारीनं. तुरीच्या एवढ्या मोठ्या बाजारपेठेच्या जिल्ह्यात म्हाताऱ्या माणसांना डाळीचं पाणी मिळावं, याचा मला खरंच राग येतो. काहीजण तर रात्री लघवीला उठायला नको म्हणून संध्याकाळचं जेवणच निम्मं करतात. विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

या वयात किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे वडिलांना ५५ ते ६६ ग्रॅम. ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण ६-७ ग्रॅम देतं, एक अंडं ६, कपभर दूध ५ च्या आसपास. भाकरी, पिठलं, दाण्याचं कूट, दही धरलं तर पावडरशिवायही जमतं. मात्र किडनीचा त्रास असेल तर हा हिशेब लागू नाही. आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) तपासून डॉक्टरांना विचारा.

पण नुसतं खाऊन पाय उभे राहत नाहीत. बोस्टनच्या एका नर्सिंग होममधल्या १०० जणांवरचा अभ्यास १९९४ साली छापून आला. सरासरी वय ८७. वजन लावून पायांचा व्यायाम करणाऱ्यांची ताकद १० आठवड्यांत दुपटीवर गेली. ज्यांना व्यायामाविना फक्त पोषक पेय दिलं, त्यांना काही फायदा झाला नाही.

वडिलांसाठी सुरुवात खुर्चीपासूनच करा. हाताची खुर्ची भिंतीला टेकवायची, वर एक जाड उशी, म्हणजे बैठक उंच होते. पाय मागे घेऊन, पुढे वाकून उठायचं, सावकाश बसायचं. जमतील तेवढ्या वेळा, दिवसातून दोनदा, शेजारी माणूस हवाच. सवय झाली की उशी काढा. आश्रमातल्या मामांना स्पष्ट सांगा, काखेत हात घालून उचलू नका. त्यांना घाई असते, दोष देत नाही, पण रोज उचललेला माणूस उठायचंच विसरतो.

वजन दर महिन्याला एकाच काट्यावर करून घ्या. महिन्यात पावणेतीन किलो किंवा सहा महिन्यांत साडेपाच किलो उतरलं, तर पावडरचा विचार बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे न्या.