बॅटमॅन गरीब झाला, मग राहिलं काय?

प्रश्न : मुलगा पॉलिटेक्निकला आहे. खर्चाच्या पैशातून वाचवून बॅटमॅनचे इंग्रजी अंक मागवतो. म्हणतो, यातला बॅटमॅन गरीब आहे. आम्ही पाहिलेला बॅटमॅन कोट्यधीश होता. पैसाच नाही तर ती गाडी, ती हत्यारं आणतो कुठून? आणि पोराचे पैसे वाया जात नाहीत ना?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : चिरंजीव खरं सांगताहेत. मालिका 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन', डीसी या अमेरिकन कॉमिक्स कंपनीची, ऑक्टोबर २०२४पासून सुरू आहे. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रं निक ड्रॅगोटाची. घाबरू नका, तुमचा जुना बॅटमॅन त्याच्या जागी सुखरूप आहे. ही दुनियाच वेगळी. इथला ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमॅन, शहराच्या कामांवरचा इंजिनिअर. बाप शाळामास्तर होता. मुलांची सहल घेऊन प्राणिसंग्रहालयात गेला आणि तिथल्या गोळीबारात मेला. आई मात्र जिवंत आहे.

आता गाडीचं. माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. धोटा अडकला, पिकर तुटला, जेकार्डची दोरी गेली, की "जॉबरला बोलवा!" नवा भाग आणायला मालकाचा हात खिशात जायचा नाही. मग वडील भंगारातल्या मागाचा भाग काढून, कानस मारून बसवायचे. सायकलच्या ट्यूबचे तुकडे त्यांच्या पिशवीत कायम असत, डब्याला वास लागायचा त्याचा. हा बॅटमॅन मला त्या जातीचा वाटतो. छातीवरचं वटवाघूळ उपसलं की कुऱ्हाड होते, टोपड्याचे कान उपटले की सुऱ्या. गाडी कसली, खाणीवरचा डंपरच म्हणा. पुलाचा, इमारतीचा कुठला भाग किती भार पेलतो हे त्याला नोकरीमुळे ठाऊक असतं आणि मारामारीत तेच कामाला येतं.

लहानपणी भाड्याने आणलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ (इंग्रजीतला फँटम) वाचत बसलो होतो. वडील रात्रपाळीला निघाले होते. चप्पल घालता घालता म्हणाले, "दिवसभर घोड्यावर हिंडतो. ह्याला पगार कोण देतंय रे?" मला उत्तर आलं नाही. पुढे कळलं, वेताळाच्या कवटीगुहेत खजिन्याची अख्खी खोली आहे आणि हा एकविसावा वेताळ, म्हणजे एकवीस पिढ्यांची इस्टेट. जुन्या बॅटमॅनचंही तेच, बापाची कमाई. पगारावर जगणारा बॅटमॅन वाचायला मिळाला तेव्हा वडील नव्हते, नाहीतर त्यांना दाखवला असता.

पण माझी तक्रार आहे, आणि ती मुलाला जरूर वाचून दाखवा. पैसा काढून घेतला, त्या जागी मांस भरलं! हा ब्रूस इतका आडदांड काढलाय की दारातून तिरका होऊनच आत यावा. दिवसा नोकरी, रात्री हाणामाऱ्या, मग हा गडी झोपतो कधी? वडील पाळी संपवून आले की दुपारपर्यंत मेल्यासारखे पडायचे. उठले तरी मोठ्याने बोलायचे, कारण कानात माग चालूच असायचा. कष्टकऱ्याचा तो शीण या पानांवर मला फार कमी दिसला. श्रीमंतीची सोय गेली आणि दंडांची सोय आली, ही लेखकाची पळवाट आहे. स्नायडरने २०११पासून जुना बॅटमॅनही बरीच वर्षं लिहिला, त्याला हे कळत नसेल असं नाही.

खरी कमाल आई आणि मित्रांची. आजवर आईबाप मेले की गोष्ट सुरू व्हायची. इथे आई मार्था घरी आहे, म्हणून ब्रूसला गमवायला काहीतरी आहे. ऑस्वाल्ड, वेलन, हार्वी ही त्याची गल्लीतली पोरं. जुन्या गोष्टींत हेच पुढे खलनायक होतात. पेंग्विन, किलर क्रॉक, टू-फेस ही त्यांची तिथली नावं माहीत असलेल्याला ती हसताना दिसली तरी पोटात खड्डा पडतो. बेन या खलनायकाच्या कथेत त्यांचे जे हाल होतात ते मी एका बैठकीत वाचू शकलो नाही. रक्तपात भरपूर आहे. घरात धाकटं भावंड असेल तर अंक वरच्या फळीवर ठेवा. आणि हो, गडगंज श्रीमंत यात बॅटमॅनचा हाडवैरी जोकर आहे. हे वाचून मी कडक भाकरी बाजूला ठेवून एकटाच हसलो होतो.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या अंकावर किंमत ४.९९ डॉलर होती, वर पाठवणावळ. सुटे अंक परवडत नाहीत. पहिल्या सहा अंकांचं 'द झू' हे एकत्र पुस्तक निघालंय, त्याला ते घ्यायला सांगा. पण बेनचे सुटे अंक त्याच्याकडे असतील तर विकू देऊ नका. माझ्याकडचा त्यातला एक अंक कोणीतरी नेलाय आणि परत दिलेला नाही.