भूतान उघडला, पण क्रेडिट नोट संपली: पैसे परत मिळतील का?

प्रश्न : जानेवारी २०२० मध्ये आम्ही चौघांनी (मी, पत्नी, मुलगा आणि सून) एका टूर कंपनीकडे भूतानची सहा रात्रींची सहल बुक केली. १,४०,००० रुपये आगाऊ भरले. त्यात ४४,००० रुपये मुंबई-बागडोगरा (सिलिगुडीजवळचा विमानतळ, तिथून पुढे भूतान) जाण्यायेण्याच्या विमान तिकिटांचे होते. १८ एप्रिलला निघायचे होते, पण कोरोनामुळे सहल रद्द झाली. कंपनीने पूर्ण रकमेची क्रेडिट नोट (पुढच्या सहलीसाठी वापरता येणारी जमा पावती) दिली, मुदत ३१ मार्च २०२२. ‘ठीक आहे, परिस्थिती निवळली की जाऊ,’ असे मुलाने तेव्हा ईमेलने कळवले होते. आता भूतान उघडल्याचे वाचून फोन केला, तर ‘नोट बाद झाली, नव्या दराने पूर्ण पैसे भरा’ असे उत्तर मिळाले. काय करावे? तक्रारीची मुदत उलटली का? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : सर, तुमची बाजू भक्कम आहे, आणि ती भक्कम का आहे हे तारखांवरून दिसते. भूतानमधल्या पहिल्या कोरोना रुग्णाची, एका अमेरिकन पर्यटकाची, बातमी ६ मार्च २०२० रोजी आली आणि भूतानने त्याच दिवशी परदेशी पर्यटकांना बंदी केली. २३ मार्चपासून सीमाही बंद झाल्या. पर्यटकांसाठी देश पुन्हा उघडला तो थेट २३ सप्टेंबर २०२२ रोजी. म्हणजे तुमच्या नोटची मुदत चालू होती त्या संपूर्ण काळात भूतानमध्ये पर्यटक म्हणून पाऊल टाकणे सर्वसामान्य प्रवाशाला शक्य नव्हते. एकही दिवस वापरता आली नाही अशी नोट ‘तुम्ही वापरली नाही’ म्हणून बाद करणे मला सरळसरळ अन्यायाचे वाटते.

भारतीय करार कायद्याच्या कलम ५६ नुसार, करार झाल्यानंतर ठरलेले काम अशक्य झाले तर तो करार रद्दबातल होतो. आणि कलम ६५ सांगते की अशा करारापोटी ज्याने काही लाभ घेतला असेल त्याने तो परत करावा किंवा त्याची भरपाई द्यावी. कंपनीचे वकील तुमच्या बुकिंग फॉर्ममधल्या ‘दैवी आपत्ती, साथरोग, सरकारी निर्बंध’ या कलमावर बोट ठेवतील. करारातच अशी तरतूद असेल तर कलम ५६ ऐवजी कलम ३२ (अनिश्चित घटनेवर अवलंबून असलेले करार) लागू होते, हे त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पण करार त्या वाटेने रद्दबातल झाला तरी कलम ६५ उरतेच. म्हणून तो फॉर्म मागची बारीक अक्षरे धरून शब्दशः वाचा. ‘क्रेडिट नोट दिली जाईल’ असे असेल तर एक गोष्ट, ‘रक्कम जप्त होईल’ असे असेल तर दुसरी.

तुमच्या मुलाचा ईमेल ही मात्र नाजूक जागा आहे. ग्राहकाने नोट स्वीकारली, म्हणजे जुना करार संपून नवा झाला, असे म्हटले जाईल. त्यावर उत्तर त्याच वाक्यात आहे: ‘परिस्थिती निवळली की जाऊ’. तुम्ही भूतानला नंतर जायला तयार होतात, पैशांवर पाणी सोडायला नव्हे. तो ईमेल लपवू नका, तक्रारीला स्वतःहून जोडा.

विमान तिकिटांचा हिशोब वेगळा मागा. १ ऑक्टोबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे लॉकडाऊनआधी काढलेल्या अशा तिकिटांचे पैसे विमान कंपन्यांनी परत करायचे होते. आर्थिक अडचण असल्यास ३१ मार्च २०२१ पर्यंतचा क्रेडिट शेल (पुढच्या तिकिटासाठी वापरता येणारी जमा रक्कम) द्यायचा होता, आणि तो न वापरल्यास त्यानंतर रोख. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटांचा परतावा बहुधा एजंटच्याच खात्यात येतो. तेव्हा टूर कंपनीला चारही तिकिटांचे पीएनआर नंबर मागा आणि विमान कंपनीला ईमेल करून विचारा, परतावा कधी दिला, किती दिला, कुणाला दिला. हे उत्तर लेखी मिळाले तर निम्मी लढाई तिथेच जिंकली. आलेला परतावा कंपनीने खिशात ठेवला असेल तर बचावाला जागा उरत नाही.

उरलेल्या ९६,००० रुपयांबाबत मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. थिंफू, पुनाखा, पारोच्या हॉटेलांना आगाऊ पैसे भरले आणि ते बुडाले, असे कंपनीने पावत्यांनिशी दाखवले तर ग्राहक आयोग तेवढी वजावट मान्य करू शकतो. नुसते ‘आमचेही नुकसान झाले’ म्हणून भागत नाही.

आधी स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. प्रतिसाद आला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ती तुम्ही राहता तिथे, म्हणजे साताऱ्यातच, दाखल करता येते. फॉर्मवर ‘फक्त मुंबई न्यायक्षेत्र’ छापलेले असले तरी. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही, आणि वकील लावणे सक्तीचे नाही. तक्रार ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या मुद्द्यांवर लिहा. ‘अनुचित करार’ असा मुद्दा घेऊ नका, कारण तो राज्य आयोगाच्या अखत्यारीत जातो आणि तुम्हाला विनाकारण दूरची वारी पडेल.

मुदत उलटली का, ही तुमची भीती रास्त आहे. ग्राहक तक्रारीला दोन वर्षांची मर्यादा असते. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला आहे. तुमची सहल एप्रिल २०२० ची, त्यामुळे दोन वर्षे १ मार्च २०२२ पासून मोजायची, म्हणजे ती फेब्रुवारी २०२४ अखेर संपली. आता आणखी उशीर करू नका. कंपन्यांची कार्यालये बंद होतात, माणसे बदलतात, जुने ईमेल सापडत नाहीत.

तुम्हाला अजून जायचेच असेल तर तडजोडही करता येईल. आता भारतीयांना माणशी दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे, पूर्वी ते नव्हते. चौघांचे सहा रात्रींचे २८,८०० होतात. ही भूतान सरकारची आकारणी, ती तुम्ही द्यावी हे योग्य. १,४०,००० मात्र पूर्ण जमा धरायला लावा आणि ते लेखी घ्या. गुडघेदुखीमुळे पारोजवळच्या कड्यावरील तक्तसांग मठाचा चढ आता जमेलसे वाटत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. तसे असेल तर संकोच न करता पैसेच मागा, आणि पत्रात ‘क्रेडिट नोट’ हा शब्द पुन्हा येऊ देऊ नका.