बटणांच्या फोनमधला थेट टीव्ही : खोक्यावरचे दोन शब्द आणि आतलं खरं

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. टचस्क्रीनचा फोन त्यांना जमत नाही. बोट थरथरतं, भलतीकडेच लागतं, मग ते चिडून फोन ठेवून देतात. बटणांचा फोन मात्र न बघतासुद्धा वापरतात. रात्री त्यांना झोप लागत नाही, आणि आईची झोपमोड नको म्हणून ते टीव्ही लावत नाहीत. खोक्यावर ‘लाइव्ह टीव्ही’ असं लिहिलेला बटणांचा फोन घेऊन द्यावा असं मनात आहे. बातम्या आणि क्रिकेट, एवढंच त्यांना हवं असतं. भाऊ म्हणतो, एवढ्याशा पडद्यावर काय डोंबल दिसणार! असा फोन घ्यावा का? घ्यायचा तर काय बघून घ्यावा?

उत्तर : घ्या, ताई. पण खोक्यावरचे ते दोन शब्द वाचून घेऊ नका. ‘लाइव्ह टीव्ही’ लिहिलेल्या फोनमध्ये चित्र वेगवेगळ्या वाटांनी येतं. ते कुठल्या वाटेनं येतं यावर खर्च, बॅटरी, घरात कुठे बसून दिसणार आणि वर्षभरानंतर दिसणार की नाही, हे सगळं ठरतं. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा : सिम काढून टाकलं आणि वाय-फाय बंद ठेवलं तर टीव्ही चालतो का?

‘हो, चालतो’ असं उत्तर आलं तर आत ट्यूनर, म्हणजे प्रक्षेपण पकडणारा भाग, आहे आणि चित्र थेट हवेतून येतं. मग दुसरा प्रश्न : अ‍ॅनालॉग की डिजिटल? ओढून लांब करायची अँटेना असलेले अ‍ॅनालॉग टीव्हीचे फोन एके काळी खूप विकले गेले. तेव्हा ते छान चालायचेही. चित्रात मुंग्या यायच्या, पण फुकट दिसायचं. मात्र ज्या प्रक्षेपणावर ते जगत होते, तेच जगभर बंद होत गेलं. अमेरिकेत २००९ मध्ये, जपानच्या बहुतेक भागात २०११ मध्ये, ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये. आपल्याकडे दूरदर्शनची जमिनीवरची अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत जवळजवळ सगळी बंद झाली. टीव्ही दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे अँटेना दिसली की माझाही जीव तिच्यात गुंततो. तरीही सांगतो, जुना पडून राहिलेला किंवा कुणी कुठून आणलेला असा फोन घेऊ नका. चॅनल शोधायला लावलात तर तो इमानेइतबारे सगळे आकडे फिरून येईल आणि हाती काहीच लागणार नाही.

डिजिटल ट्यूनरची गोष्ट निराळी. यात जपानचं काम मला फार आवडतं. तिथे २००६ मध्ये ‘वन-सेग’ सुरू झालं. एका टीव्ही वाहिनीच्या जागेचे तेरा भाग पाडले, बारा घरच्या मोठ्या टीव्हीला दिले आणि एक फोनसाठी राखून ठेवला. त्या एका भागात चित्र लहान पण पक्कं, आणि बघणाऱ्याला डेटाचा एक पैसाही लागत नाही. दक्षिण कोरियानं त्याच्या थोडं आधी, २००५ च्या शेवटी, स्वतःची वेगळी पद्धत सुरू केली. युरोपनं डीव्हीबी-एच नावाची तिसरीच आणली आणि ती टिकली नाही. म्हणजे पद्धती देशोदेशी वेगळ्या. परदेशातून कुणी कौतुकानं आणलेला टीव्हीचा फोन इथे मुका राहतो तो त्यामुळे. फोन चांगलाच असतो, त्याला इथली भाषा कळत नाही.

आपल्याकडे ‘डायरेक्ट टू मोबाइल’, म्हणजे डी-टू-एम, या नावानं हेच करण्याचा प्रयत्न चालू आहे. त्यात प्रसार भारती आहे, आयआयटी कानपूर आहे, चिप बनवणाऱ्या देशी कंपन्या आहेत. त्याचा आनंद वाटतो, कारण थेट टीव्ही बघण्याची खरी रीत हीच. एका मनोऱ्यावरून निघालेलं चित्र दहाजणांनी पाहिलं काय आणि दहा लाखांनी पाहिलं काय, भार तेवढाच. पण प्रक्षेपण तुमच्या भागात पोचलेलं नसेल तर फोनमध्ये चिप असून उपयोग शून्य. असा फोन कुणी दाखवलाच, तर तो तुमच्या घरात, वडील झोपतात त्या खोलीत सुरू करून बघा. डिजिटलमध्ये मुंग्या येत नाहीत. सिग्नल जरा कमी पडला की चित्राचे चौकोन होतात, आणखी कमी पडला की पडदा काळा. खिडकीपाशी उत्तम आणि पलंगावर काहीच नाही, असंही होतं.

आता तिसरी वाट, आणि बाजारात तुम्हाला बहुधा हीच मिळेल. सिम काढलं की टीव्ही बंद, म्हणजे चित्र इंटरनेटवरून येतं. २०१७ मध्ये जिओफोन आला तेव्हापासून आपल्याकडे बटणांच्या फोनवर थेट टीव्ही म्हटलं की हेच. यात ‘टीव्ही’ हे फोनचं अंग नाही, आत बसवलेलं एक अ‍ॅप आहे. म्हणून आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. दुसऱ्या कंपनीचं सिम चालतं का? चॅनल्स बघायला वेगळा रिचार्ज लागतो का? आणि वडिलांच्या आवडीचं बातम्यांचं चॅनल त्या यादीत आहे का? चारशे चॅनल्स आहेत या सांगण्याला भुलू नका, त्यांना दोन-तीनच लागणार आहेत. क्रिकेटचं तर खास विचारा. सामन्यांचे डिजिटल हक्क अनेकदा निराळ्या सेवेकडे असतात, आणि चॅनल यादीत असूनही ऐन सामन्याच्या वेळी तिथे दुसरंच काही लागतं.

डेटाचा हिशेब मी करून देतो. लहान पडद्यासाठी चित्र सेकंदाला ३०० किलोबिटनं येत असेल तर तासाला १३५ एमबी लागतात. दुप्पट वेगानं येत असेल तर २७० एमबी. रोज अर्धा जीबी मिळत असेल तर पहिल्या हिशेबानं साडेतीन तासांच्या वर टीव्ही, दुसऱ्यानं जेमतेम दोन तास. अ‍ॅपमध्ये चित्राचा दर्जा कमी करायची सोय असेल तर ती पहिल्याच दिवशी वापरा. एवढ्या पडद्यावर डोळ्याला फरक कळत नाही.

आणि भावाचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे. बटणांच्या फोनचा पडदा बहुतेक वेळा २.४ इंची, उभा, २४० बाय ३२० ठिपक्यांचा असतो. मी त्यावर पट्टी ठेवून बघतो. फोन उभा धरला तर टीव्हीचं आडवं चित्र सुमारे ३.७ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर उंच येतं, म्हणजे टपाल तिकिटाएवढं. चित्र आडवं फिरवता आलं तर ४.९ बाय २.७ सेंटिमीटर. आकडे किरकोळ वाटतील, पण क्षेत्रफळ पावणेदोन पटीनं वाढतं. म्हणून चित्र आडवं होतं का आणि कुठल्या बटणानं होतं, हे दुकानातच करून घ्या.

तरीही बातम्यांच्या तळाशी सरकणारी पट्टी वाचता येणार नाही. फुल हाय डेफिनिशन चित्रात १०८० ओळी असतात, या पडद्यावर आडवं धरून उरतात १८०. मूळ चित्रात ३६ ओळी उंचीचं अक्षर इथे सहा ओळींत येतं. सहा ठिपक्यांत शिरोरेघ, वरची वेलांटी आणि खालचा उकार कुठून मावणार? धावफलकाचे मोठे आकडे कळतील, चेंडू दिसणार नाही. निवेदकाचा चेहरा ओळखू येईल, नकाशा कळणार नाही. भावाला एवढं जरूर मान्य करा.

पण भाऊ आवाज विसरतोय. रात्री अंथरुणात पडलेला माणूस बातम्या मुख्यतः ऐकतो आणि मधूनमधून बघतो. क्रिकेटचंही तेच, समालोचन कानावर पडत राहतं आणि ओरडा झाला की नजर पडद्याकडे जाते. म्हणून असा फोन निवडताना मी पडद्याला दुसरा नंबर देतो. पहिला आवाजाला. जाड, गोल पिनेचा इअरफोन त्यात लागतो का ते बघा. इअरफोन लावल्यावर आवाज दोन्ही कानांत येतो का, अगदी हळू ठेवल्यावर शब्द स्वच्छ कळतात का, हेही. काही फोनमध्ये आवाजाची सर्वांत खालची पायरीच इतकी मोठी असते की शांत रात्री ती टोचते. ऐकू कमी येत असेल तर उलटं तपासा. हे सगळं वडिलांच्याच कानांनी तपासायचं, तुमच्या नाही.

मग त्यांच्या हातात फोन द्या आणि गप्प उभ्या राहा. टीव्ही सुरू करायला किती बटणं दाबावी लागतात? चॅनल बदलायला अंक चालतात की बाणाच्या बटणानं लांबलचक यादीतून जावं लागतं? टीव्ही चालू असताना तुम्ही त्यांना फोन लावा. चित्र थांबून घंटी वाजते का, बोलणं संपल्यावर टीव्ही आपोआप पुन्हा लागतो का, की पहिल्यापासून सगळं करावं लागतं? शेवटी हा फोन आहे. टीव्हीपायी तुमचा फोन चुकत असेल तर तो घरात नको.

अ‍ॅपच्या आयुष्याचा भरवसा धरू नका, हेही सांगायला हवं. कायओएस या प्रणालीवर चालणाऱ्या बटणांच्या फोनमधलं व्हॉट्सअ‍ॅप २०२५ च्या सुरुवातीला बंद झालं. फोन धडधाकट होते, सेवा गेली. टीव्हीचं अ‍ॅपही असंच जाऊ शकतं. म्हणून एफएम रेडिओ असलेला फोन बघा, म्हणजे अ‍ॅप गेलं तरी रात्री ऐकायला काहीतरी राहील.

प्रश्न : शेजारच्या घरातून ‘आउट!’ असा ओरडा आधी येतो आणि माझ्या फोनवर विकेट नंतर पडते. फोनमध्ये बिघाड आहे का?

उत्तर : नाही. इंटरनेटवरून येणारं चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवतात, आणि अडखळू नये म्हणून फोन दोन-तीन तुकडे आधी साठवून मग दाखवायला लागतो. त्यात वीस-तीस सेकंद, कधी त्याहून जास्त जातात. फोन बदलून हे जाणार नाही.

प्रश्न : टीव्ही लावला की माझ्या बटणांच्या फोनची बॅटरी बघता बघता उतरते. कमी का टिकते, आणि चार्जिंगला लावून बघितलं तर चालेल का?

उत्तर : बोलताना पडदा झोपलेला असतो. टीव्ही बघताना पडदा, नेटवर्क आणि प्रोसेसर तिन्ही एकदम जागे. त्यातून साध्या फोनची बॅटरी बहुधा १००० ते २००० एमएएचची. नेटवर्क कमकुवत असेल तिथे फोन जास्त जोर लावतो आणि आणखी लवकर उतरतो. म्हणून आधी जागा बदलून बघा, मग पडद्याचा उजेड कमी करा. चार्जिंगला लावून टेबलावर ठेवून बघायला हरकत नाही. मात्र उशीखाली किंवा पांघरुणात, चार्जर लावलेला फोन ठेवून झोपू नका. उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही. आणि फोनची पाठ फुगलेली किंवा झाकण वर आलेलं दिसलं, तर त्या दिवसापासून ती बॅटरी वापरायची नाही.