नाकावरचे ब्लॅकहेड्स घरच्या घरी जातात का? लिंबू-सोड्यानं तर नाहीच

तुम्ही विचारलंय, नाकावरचे ब्लॅकहेड्स घरी कसे घालवायचे आणि लिंबू-खायचा सोडा चालेल का. दुसऱ्याचं उत्तर आधी देते. नाही. मी लावून बसलेय.

बारावीची परीक्षा संपलेली, मे महिन्यात चुलतबहिणीचं लग्न. आत्ती महिनाभर आधीच सांगलीला आमच्याकडे येऊन राहिली होती. रोज सकाळी माझ्या तोंडाकडं बघून एकच, "हळदीच्या गावात जन्मलीस आणि नाकावर डांबर सांडल्यागत. तोंड धुतीस का न्हाईस?" मी दिवसातून चारदा साबणानं घासत होते, ते हिला दिसायचं नाही. शेवटी तिनंच वाटीत अर्धं लिंबू पिळलं, चमचाभर सोडा टाकला आणि बोटानं नाकावर रगडायला घेतलं. फसफसलं. आत्ती खूश! "बघ, मळ कसा वर येतोय." वर केसांच्या आकड्यानं दाबून चार-पाच काढलेसुद्धा. मग भर दुपारी सायकलवर मार्केट यार्डात अप्पांचा डबा द्यायला मलाच पिटाळलं.

संध्याकाळी नाक लालबुंद, तिसऱ्या दिवशी साल निघायला लागली. हळदीच्या दिवशी कुणीतरी मस्करीत करवलीच्या नाकाला हळद फासली, तेव्हा मी मांडवभर ऐकू जाईल अशी किंचाळले. अल्बममध्ये नवरीशेजारी टोमॅटो नाकाची जी दिसते ती मी. तपकिरी डाग दिवाळीपर्यंत होता. ब्लॅकहेड्स पंधरा दिवसांत परत.

तो मळ नसतोच हो! छिद्रात तेल आणि मेलेल्या पेशींचं बूच बसतं, छिद्राचं तोंड उघडं असल्यामुळं वरचा भाग हवेनं काळा पडतो. घासून जाणार कसा? कातडी मुळात किंचित आम्लधर्मी, पीएच ५ च्या आसपास (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप; ७ मधला, खाली आम्ल, वर अल्क). लिंबू २ च्या जवळ, सोडा ८ च्या वर. दोन्हीकडून मार.

हळदीचंही सांगते, कारण हे सांगलीत बोलायला कुणी धजत नाही. आमच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आमटीत तिच्यासारखी दुसरी नाही. पण बूच विरघळवणं तिचं काम नव्हे. तसं असतं तर तीस वर्षं हळदीच्या पोत्यांत बसलेल्या अप्पांच्या नाकावर एक ठिपका दिसला नसता. मोजून घ्या म्हणावं.

मला उपयोग झाला तो सॅलिसिलिक अॅसिडचा, २ टक्क्यांचा. ते तेलात मिसळतं, म्हणून छिद्रात शिरतं. फेसवॉशपेक्षा लावून ठेवायचं घ्या, कारण फेसवॉश अर्ध्या मिनिटात धुऊन जातो. आधी एक दिवसाआड, रात्री. सहा-आठ आठवडे धीर धरा. आठवड्यात काही दिसलं नाही म्हणून बाटली बहिणीला देऊ नका. दिवसा सनस्क्रीन. तेवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर अॅडापॅलिन जेल देतात, मलाही दिलं होतं. वाटाण्याएवढंच पुरतं, सुरुवातीला चेहऱ्याची कातडी कोरडी पडते, घाबरू नका. केसांना तेल लावून झोपत असाल तर उशीचा अभ्रा बदलत जा.

आणि हो, नाकावर सगळीकडे सारखेच बारीक राखाडी ठिपके असतील तर ते बहुतेक ब्लॅकहेड्स नव्हेतच. त्या प्रत्येकाच्या नाकावर असणाऱ्या, छिद्रातल्या तेलाच्या नैसर्गिक बारीक तारा. दाबून काढल्या तरी महिन्याभरात भरतात, सोडून द्या. गरोदर असाल तर अॅडापॅलिन अजिबात नको. अॅस्पिरिनची अॅलर्जी असेल तर सॅलिसिलिकही विचारूनच. मुलतानी माती कधीमधी लावली तर बिघडत नाही, वरचं तेल ओढते इतकंच.

घरात कुणी लिंबू-सोड्याची वाटी घेऊन मागं लागलंच तर घासलेल्या कोरड्या बशीत दोन्ही एकत्र करून दाखवा. बशीवर ना तेल ना मळ, तरी तेवढंच फसफसतं. आम्ल आणि सोडा भेटले की वायू सुटतो, बस्स. मी मागच्या दिवाळीत आत्तीसमोर करून दाखवलं. तिनं बशी उचलून उजेडात धरली, उलटी-सुलटी करून बघितली आणि म्हणाली, "नीट घासली नसशील."