वाचकांचे प्रश्न : हजार रुपयांच्या आतील पांढरी वाइन

प्रश्न : आम्ही काही मित्रांनी हजार रुपयांच्या आतील चार पांढऱ्या वाइन एका संध्याकाळी एकत्र चाखून पाहिल्या. सर्वांत स्वस्त बाटलीच बहुतेकांना आवडली. मग जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे का? कोणत्या बाटलीत पैसे वसूल होतात, हे सामान्य माणसाने कसे ठरवावे?
(इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : आपल्या मित्रांची आवड चुकीची ठरवण्याचे कारण नाही. मात्र निकाल लागला तेव्हा बाटल्या किती गार होत्या आणि प्रत्येकीचा एकच घोट घेतला होता का, हे विचारावेसे वाटते. घरच्या फ्रिजमधून काढलेली बाटली साधारण चार-पाच अंशांवर असते. इतक्या थंडीत वाइनचा वास जवळजवळ मिटलेला असतो आणि जिभेला जाणवतो तो फक्त गारवा आणि आंबटपणा. अशा वेळी ज्या वाइनमध्ये थोडी साखर शिल्लक ठेवलेली असते ती पहिल्या घोटाला सर्वांत सुखद वाटते. स्वस्त वाइनमध्ये पुष्कळदा अशी साखर ठेवलेली असते, कारण ती आंबटपणाची धार बोथट करते आणि फळाचा उणा स्वादही झाकते. यात फसवणूक नाही, परंतु पहिल्या घोटावर दिलेला कौल हा बहुधा साखरेला दिलेला कौल असतो.

म्हणून माझी सूचना अशी की, बाटल्या कागदात गुंडाळून, किमती झाकून, सारख्या आकाराच्या ग्लासांत प्रत्येकी थोडीच वाइन ओतावी आणि ती दोनदा चाखावी : एकदा फ्रिजमधून काढल्यावर लगेच आणि दुसऱ्यांदा वीस-पंचवीस मिनिटांनी, म्हणजे ती दहा-बारा अंशांपर्यंत आल्यावर. या दुसऱ्या खेपेला बरेच काही उघडे पडते. चांगल्या शेनिन ब्लाँमध्ये, म्हणजे त्या नावाच्या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनमध्ये, आधी नुसता लिंबासारखा वाटलेला वास पेरू आणि नाशपतीकडे झुकतो, आणि घोट गिळल्यावरही फळाची आठवण तोंडात थोडा वेळ रेंगाळते. सामान्य दर्जाची वाइन याच तापमानाला पाणचट आणि गोडसर लागते, आणि तिच्यातील अल्कोहोल आम्लतेशी जुळलेले नसेल तर घशात चरचर जाणवते. सॉव्हिन्याँ ब्लाँ या दुसऱ्या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनच्या बाबतीत पहिला वास फार जोरकस असतो : कापलेली ढोबळी मिरची, ओले गवत, पॅशन फ्रूट. तो दहा मिनिटांत उडून गेला आणि मागे काहीच उरले नाही, तर त्या बाटलीला मी कमी गुण देईन, मग तिची किंमत काहीही असो. जिचा दुसरा ग्लास आपण होऊन भरावासा वाटतो आणि जी जेवणासोबतही तितकीच बरी लागते, तिच्यात पैसे वसूल झाले असे समजावे.

जास्त पैसे मोजण्याविषयी. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच ग्लास होतात. काचेची बाटली, झाकण, लेबल, वाहतूक, कर आणि दुकानदाराचा हिस्सा हे खर्च आतील वाइन उत्तम असो वा सुमार, फारसे बदलत नाहीत. त्यामुळे अगदी स्वस्त बाटलीत प्रत्यक्ष द्राक्षावर आणि वाइनवर खर्च झालेली रक्कम फार थोडी असते, आणि तिथून एक पायरी वर चढल्यास मिळणारा फरक मोठा असतो. पुढे पुढे तो फरक कमी होत जातो आणि आपण ओकच्या पिंपांचे, साठवणीच्या काळाचे आणि नावाचे पैसे देऊ लागतो. पोलादी टाकीत तयार होणाऱ्या पांढऱ्या वाइनला पिंप लागत नाही, ती हंगामानंतर काही महिन्यांत विकता येते, त्यामुळे उत्पादकाचे भांडवल अडकून पडत नाही. कमी पैशांत चांगली वाइन हवी असेल तर तांबडीपेक्षा पांढरीकडे वळावे, या माझ्या मताचे मूळ इथे आहे. त्यातही नाशिकच्या शेनिन ब्लाँला मी पहिली पसंती देतो, कारण हे द्राक्ष उष्ण हवेतही आपली आम्लता बऱ्यापैकी टिकवून ठेवते. सुला व्हिनयार्ड्सने २००० साली बाजारात आणलेल्या पहिल्या वाइन शेनिन ब्लाँ आणि सॉव्हिन्याँ ब्लाँ याच होत्या, आणि आजही या दोन जातींत आपल्या जिल्ह्यात निवडीला भरपूर वाव आहे.

प्रश्न : त्याच पैशांत परदेशी बाटली मिळत असेल तर ती घ्यावी का?
(कॉलेज रोड, नाशिक)

उत्तर : सहसा नाही. परदेशी वाइनवर भारतात दीर्घकाळ १५० टक्के मूळ सीमाशुल्क आकारले जात होते. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार डिसेंबर २०२२ पासून ठरावीक किमतीच्या वरच्या बाटल्यांवर ते कमी होऊ लागले, परंतु अगदी स्वस्त वाइन त्या सवलतीत येत नाहीत. शुल्क, वाहतूक आणि आयातदाराचा नफा वजा केला, तर आपल्या दुकानात हजाराच्या आसपास मिळणारी परदेशी बाटली तिच्या मूळ गावी अगदी तळच्या किमतीची असते. तेवढ्याच पैशांत इथे उत्पादकाच्या निम्न श्रेणीतील नव्हे, तर मधल्या श्रेणीतील वाइन मिळू शकते.

प्रश्न : आम्ही पिढीजात द्राक्ष बागायतदार आहोत. आमच्या थॉम्पसनला चांगली गोडी असते. मग वाइनसाठी वेगळी जात कशाला, आणि द्राक्षाच्या भावाच्या मानाने बाटली इतकी महाग का?
(निफाड तालुका)

उत्तर : गोडी हा अर्धाच भाग आहे. थॉम्पसन खाण्यासाठी तयार होते, तिचा मणी मोठा, साल पातळ आणि बिया नसलेल्या. वाइनच्या जातींचे मणी लहान असतात, सालीचे प्रमाण जास्त असते, आणि वासाची द्रव्ये मुख्यतः साल व तिच्यालगतच्या गरात असतात. शिवाय पांढऱ्या वाइनला ब्रिक्सइतकीच, म्हणजे रसातील साखरेच्या मापाइतकीच, आम्लता महत्त्वाची असते. मण्यात पाणी उतरल्यानंतर, म्हणजे तो पिकू लागल्यावर, साखर भरत जाते आणि त्याच वेळी मॅलिक आम्ल घटत जाते. रात्री उबदार असतील तर ते आणखी लवकर जळते. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते, त्यामुळे घड थंडीत पिकतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होते. हा क्रम आपण जाणताच. वाइनच्या दृष्टीने त्यातील थंड रात्रींचे मोल फार मोठे आहे. तोडणी दोन आठवडे लांबली तर साखर वाढते, पण वाइन सपक होते, आणि तिचे अल्कोहोलही वाढते, कारण लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल तयार होते.

खर्चाविषयी सांगायचे तर एका बाटलीला सुमारे एक ते सव्वा किलो द्राक्षे लागतात, म्हणजे बाटलीच्या किमतीत आपल्या मालाचा वाटा खरोखरच लहान असतो. मोठा खर्च थंडाव्याचा आहे. पहाटे तोडलेला माल लगेच गार करावा लागतो, रस साल-बियांपासून वेगळा काढावा लागतो आणि तो दोन-तीन आठवडे साधारण १२ ते १८ अंशांवर आंबवावा लागतो. बाहेर उन्हाळा चढत असताना ही टाकी गार ठेवणे म्हणजे सतत चालणारे वीजबिल. जो उत्पादक इथे काटकसर करतो, त्याच्या वाइनमध्ये फळाचा वास उरत नाही, आणि हा फरक मी वर सांगितलेल्या दुसऱ्या चाखणीत लगेच कळतो.

प्रश्न : दुकानात बाटली निवडताना लेबलावर काय पाहावे?
(पंचवटी, नाशिक)

उत्तर : सर्वप्रथम साल पाहावे. लेबलावरील साल हे द्राक्ष तोडणीचे साल असते, आणि या किमतीतील पांढरी वाइन तोडणीपासून दीड-दोन वर्षांत प्यावी. साठवून ती सुधारत नाही. नाशिकची तोडणी वर्षारंभी होते, तर युरोपात ती ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते, म्हणून एकाच सालाची नाशिकची बाटली युरोपीय बाटलीपेक्षा काही महिन्यांनी मोठी असते, हे लक्षात ठेवावे. त्यानंतर, आणि माझ्या मते तितक्याच काळजीने, बाटली कुठे ठेवली आहे ते पाहावे. एप्रिल-मे महिन्यांत काचेच्या दर्शनी कपाटात उन्हात उभ्या असलेल्या बाटलीपेक्षा आतल्या गार खोलीतून काढून दिलेली साधी बाटली केव्हाही चांगली. रंग फिकट पिवळ्याऐवजी गडद सोनेरी किंवा तपकिरी दिसला, बूच वर सरकलेले असले, तर ती घेऊ नये. घरी उघडल्यावर डागाळलेल्या सफरचंदासारखा, व्हिनेगरसारखा किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तर दोष बाटलीत आहे, आपल्या नाकात नाही. ती निःसंकोच परत करावी. स्क्रूचे झाकण मात्र कमी दर्जाची खूण नव्हे. ताज्या पांढऱ्या वाइनसाठी मी तेच पसंत करतो.

प्रश्न : फ्रिजमध्ये ठेवलेल्या बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले. वाइन फेकून द्यावी का?
(सिडको, नाशिक)

उत्तर : फेकू नये. ते द्राक्षातील टार्टारिक आम्लाचे स्फटिक आहेत. गारव्याने ते खाली बसतात आणि निरुपद्रवी असतात. शेवटचा थोडा भाग न ओतता ठेवावा.

प्रश्न : मराठी जेवणासोबत यांतील कोणती वाइन चालेल? आणि उरलेली किती दिवस टिकते?
(गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : कोथिंबीर वडी, अळूवडी किंवा लिंबू पिळलेली तळलेली सुरमई यांसोबत कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, सॉव्हिन्याँ ब्लाँ घ्यावी, तिची आम्लता तेल कापते. तिखट रस्सा असेल तर किंचित गोड शेनिन ब्लाँ बरी, कारण कोरड्या आणि जास्त अल्कोहोलच्या वाइनने तिखट अधिकच झोंबते. पहिल्या प्रश्नातील ज्या स्वस्त बाटलीला मित्रांनी पसंती दिली, ती अशा जेवणासोबत कदाचित आपली किंमत पुरेपूर वसूल करून देईल, तेव्हा ती एकदा ताटाबरोबर जरूर पाहावी. उरलेली वाइन झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवल्यास दोन-तीन दिवस चांगली राहते. त्यापुढे ती रश्श्यात किंवा मासे मुरवताना वापरता येते.