ईसीजी नॉर्मल आला, आता गोळ्या बंद करू का?

प्रश्न : सासूबाई 71 वर्षांच्या आहेत. एट्रियल फिब्रिलेशनसाठी आठ महिने मेटोप्रोलॉल, अमिओडेरॉन 200 आणि अपिक्साबॅन घेतात. आता ईसीजी नॉर्मल आहे, धडधडही नाही. निदान रक्त पातळ करणारी गोळी बंद करावी, असं त्या म्हणतात. पंधरा दिवस कोरडा खोकलाही आहे. काय करावं?
– एक वाचक, कराड

उत्तर : अपिक्साबॅन, म्हणजे रक्त पातळ करणारी ती गोळी, मनाने मुळीच बंद करू नका. आणि खोकल्यासाठी याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा.

या आजारात हृदयाच्या वरच्या कप्प्यांत मिनिटाला 350 ते 600 विद्युतलहरी वेड्यावाकड्या फिरतात. कप्पे आवळले जात नाहीत, नुसते थरथरतात. खालच्या कप्प्यांकडे जाणाऱ्या वाटेवर एव्ही नोड नावाची गाठ असते. ती बऱ्याच लहरी अडवते, आणि मेटोप्रोलॉलने आणखी अडतात, म्हणून नाडी आटोक्यात राहते. अमिओडेरॉनचं काम वेगळं. ठोक्यानंतर पोटॅशियम पेशीबाहेर पडायला ते उशीर लावतं, त्यामुळे पेशी पुढच्या ठोक्याला लवकर तयार होत नाही. गरगरत आलेल्या लहरीला पुढे वाटच मिळत नाही, ती विझते.

अपिक्साबॅन ठोक्यांना हातही लावत नाही. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. कप्पा थरथरत असताना तिथे रक्त साकळतं, आणि ती गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात. ईसीजीच्या कागदावर जेमतेम दहा सेकंद उमटतात. फिब्रिलेशन रात्री झोपेत येऊन गेलं तर ना तुम्हाला कळतं ना कागदाला. म्हणून ही गोळी किती काळ घ्यायची हे वय, बीपी, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवर ठरतं. तिचा असर साधारण 12 तासांत निम्म्यावर येतो, म्हणूनच ती दिवसातून दोनदा. एखादी चुकली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, पण दोन एकदम नकोत.

खोकल्याची मला जास्त काळजी वाटते. अमिओडेरॉनमुळे काहींच्या फुप्फुसांना सूज येते, आणि सुरुवात अशाच कोरड्या खोकल्याने आणि जिना चढताना लागणाऱ्या दमाने होते. कफ सिरपवर दिवस काढू नका. छातीचा एक्स-रे आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन लागेल. हे औषध शरीरात कित्येक आठवडे मुरून राहतं, त्यामुळे एखाद-दोन दिवस गोळी टाळून खोकला थांबतो का पाहणं निरर्थक आहे.

अमिओडेरॉनच्या 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम आयोडीन असतं. शरीराची रोजची गरज 150 मायक्रोग्रॅम! त्यामुळे काहींचा थायरॉइड मंदावतो किंवा भडकतो. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि लिव्हरची तपासणी दर सहा महिन्यांनी हवीच. वजन उतरून धडधड परतली, तर आधी टीएसएच बघा.

नाडी मनगटावर पूर्ण 60 सेकंद मोजा. ठोके अनियमित असले की 15 सेकंद मोजून चौपट केलेला आकडा फसवतो. नाडी 50 च्या खाली आणि सोबत चक्कर असेल, तर त्याच दिवशी दवाखाना.

प्रश्न : वडिलांना डिगॉक्सिन आठवड्यातून पाचच दिवस का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : हृदयाच्या या औषधाच्या उपयोगी आणि विषारी मात्रेत अंतर फार थोडं. ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि उतारवयात तो निचरा मंदावतो, म्हणून काही डॉक्टर दोन दिवस सुट्टी देतात, तर काही रोज कमी मात्रा देतात. लघवीच्या गोळीने किंवा जुलाबाने पोटॅशियम उतरलं की नेहमीचीच मात्रा बाधते. अन्नावरची वासना जाणं, मळमळ, पिवळसर दिसणं ही लक्षणं दिसली तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.