त्यांना दिवस पुरत नाही, माझा सरत नाही

प्रश्न : माझे वय ६३ आणि यजमानांचे ६८. ते पाळकीय सेवेतून (चर्चच्या धर्मगुरूपदावरून) निवृत्त झाले, मी नाशिकच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. मुलांचे संसार मार्गी लागल्यावर हातीपायी धड आहोत तोवर काही वर्षे प्रभूच्या कामाला द्यावीत, असे आम्ही दोघांनी प्रार्थनापूर्वक ठरवले आणि दोन वर्षांसाठी केनियातील मोंबासा येथे आलो. यजमान शिकाऊ पाळकांना शिकवतात आणि त्यांना दिवस पुरत नाही. माझा मात्र सरत नाही. स्वयंपाकाला बाई आहे, बाजारहाट आवारातला रखवालदार करतो, आणि ‘मामा (म्हणजे आई), तुम्ही बसा’ म्हणून मला कोणी कशाला हात लावू देत नाही. भाषा कळत नाही, उकाडा सोसवत नाही आणि दिवेलागणीला नातवंडांच्या आठवणीने जीव कासावीस होतो. मुलगा म्हणतो, झेपत नसेल तर परत या. हे यजमानांना सांगितले तर त्यांचे कामातले लक्ष उडेल, म्हणून आतल्या आत ठेवते आहे. काय करावे?
— एक वाचक भगिनी, मोंबासा

उत्तर : ताई, सेवेसाठी परदेशी गेलेल्या वयस्क दांपत्यांकडून आलेल्या पत्रांत हीच तक्रार मी सर्वाधिक वेळा वाचली आहे आणि ती जवळजवळ नेहमी पत्नीच्या हातची असते. याचे कारण तुमच्या श्रद्धेत किंवा सोशिकपणात शोधू नका. बोलावणारी मंडळी, म्हणजे तिथले चर्च, पतीला काम नेमून देते, त्याचे वेळापत्रक आखते, त्याला विद्यार्थी आणि सहकारी देते, आणि पत्नीसाठी एक चांगले घर पाहून ठेवते. त्या घरात दिवसभर करायचे काय, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. पस्तीस-चाळीस वर्षे शाळेच्या घंटेवर जगलेल्या बाईला रिकाम्या घरात पाहुणी म्हणून बसवले तर तिचे मन खचणारच. तेव्हा परत जावे की राहावे हा निर्णय तूर्त बाजूला ठेवा आणि आधी हा दिनक्रम बदला.

पहिली गोष्ट, हे पत्र मला लिहिले तसेच यजमानांना सांगा. त्यांचे लक्ष उडेल ही तुमची भीती मला समजते, पण बोलावणे दोघांना होते आणि निर्णयही दोघांनी मिळून घेतला होता. पत्नी मिटून राहते आहे हे त्यांना आज ना उद्या कळेलच, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून किंवा तुमच्या आजारपणातून कळले तर त्यांना जास्त लागेल. फक्त रात्री थकल्यावेळी हा विषय काढू नका. वर्ग नसेल अशा दिवशी सकाळी, चहा झाल्यावर, शांतपणे बोला.

स्वयंपाकाच्या बाईंना काढून टाकण्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडा, कारण त्या पगारावर त्यांचे घर चालत असणार. त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरात बसा. मोंबासाच्या घरांतून नारळ खवण्यासाठी एक बुटके, दुमडता येणारे लाकडी आसन असते. त्याच्या पुढच्या टोकाला दातेरी लोखंडी पाते असते, आणि त्यावर बसून, खाली ताट ठेवून अर्धी कवड फिरवत नारळ खवतात. त्याला तिथे ‘म्बुझी’ म्हणतात. आपल्या खोवणीवर हात बसलेल्या बाईला ते कोणी शिकवावे लागत नाही. एकदा त्यावर बसून नारळ खवून दाखवा, मग ‘तुम्ही बसा’ हे वाक्य त्या घरात फारसे ऐकू येणार नाही. नारळाच्या रसातल्या तुरी, ज्यांना तिथे ‘म्बाझी’ म्हणतात, त्या त्यांच्याकडून शिका, आणि आपली आमटी त्यांना शिकवा. नाचणी तिथे ‘विंबी’ नावाने मिळते आणि तिची पेज लोक सकाळी आवडीने घेतात. ‘म्चिचा’ म्हणजे आपल्या माठाच्या जातीचीच पालेभाजी. ज्वारीचे पीठही मिळते. जेवणाची आबाळ होईल असा हा मुलूख नाही, त्यामुळे नाशिकहून मसाल्यांपलीकडे काही मागवत बसू नका.

बाजार मात्र स्वतः करा, आठवड्यातून दोन वेळा तरी, आणि सकाळी लवकर. सोबत स्वयंपाकाच्या बाईंना न्या. जवळच्या अंतरासाठी तीनचाकी टुकटुक बरी, आणि त्यांतल्या कित्येक आपल्या पुण्याच्या बजाजच्याच आहेत. मोटारसायकलवरची ‘बोडा-बोडा’ या वयात नकोच. स्वतःच्या नावाचे सिमकार्ड घेऊन त्यावर एम-पेसा सुरू करून घ्या. फोनवरून पैसे देण्याची ही पद्धत केनियात २००७ पासून रुजली आहे आणि भाजीवालीपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे चालते. स्वतःच्या हाताने पैसे देता येणे ही गोष्ट बाहेरून लहान दिसते. पण आयुष्यभर कमावून घर चालवलेल्या बाईला प्रत्येक शिलिंगासाठी पतीच्या फोनकडे पाहावे लागले तर तिचा आत्मविश्वास किती लवकर गळतो, हे मी पाहिले आहे.

भाषेचे म्हणाल, तर स्वाहिली आपल्याला वाटते तितकी दूरची नाही. हिंदी महासागरातल्या व्यापारामुळे दुका, साबुनी, हेसाबु, दावा (औषध), चाय, चपाती असे शब्द तिथे रुळलेले आहेत आणि ते तुम्हाला ऐकताक्षणी कळतील. पुस्तकातले व्याकरण पाठ करू नका, आधी अभिवादन पक्के करा. तिथे भेटल्याबरोबर कामाचे बोलणे असभ्य मानतात. तब्येत, घर, मुले, काल झोप कशी लागली हे सगळे विचारून झाल्यावर मग विषय निघतो. किनाऱ्यावर लहान मुले वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणतात, त्यावर ‘मराहाबा’ असे उत्तर द्यायचे असते. हे उत्तर दिलेत की शेजारची मुले आपण होऊन तुमच्याकडे येऊ लागतील, आणि भाषेचे शिक्षक म्हणून मुलांइतके धीराचे कोणी नसते. एक सावधगिरी घ्या. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून ‘साआ मोजा’, म्हणजे पहिला तास, हे आपले सकाळचे सात आणि ‘साआ तातू’ हे नऊ. प्रार्थनासभेची वेळ कोणी स्वाहिलीत सांगितली तर आपल्या घड्याळाने किती, हे विचारून खात्री करावी.

आता कामाबद्दल. तुम्हाला नेमून दिलेली जबाबदारी हवी, आणि ती मागण्यात संकोच नको. तेथील पाळकांना किंवा अध्यक्षांना यजमानांसमवेत भेटून सांगा की मी मुख्याध्यापिका होते, मला आठवड्याचे तीन दिवस ठरावीक काम द्या. कोणते काम, हे त्यांना सुचवू द्या, पण एक दिशा मनात असू द्या. शिकाऊ पाळकांच्या पत्नींचा विचार अशा ठिकाणी बहुधा राहून गेलेला असतो. त्यांच्यासाठी वाचन, हिशेब आणि इंग्रजी संभाषणाचा वर्ग तुम्ही घेऊ शकता, आणि त्यांचे दुखणे तुमच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार नाही. मंडळी अँग्लिकन पंथाची असेल तर मदर्स युनियन या तिच्या स्त्री-संघटनेच्या बैठकांना जा आणि पहिले काही महिने फक्त ऐका. स्थानिक शिक्षिकेची जागा घेणारे काम मात्र स्वीकारू नका. पगारी माणसाचे काम आपण फुकट करू लागलो तर ते त्या माणसाच्या पोटावर येते.

उकाड्याचा उपाय वेळ पाळण्यात आहे. मोंबासा विषुववृत्ताजवळ असल्याने वर्षभर साधारण साडेसहाच्या सुमारास अंधार पडतो, हवा दमट असते आणि जानेवारी ते मार्च हे महिने सर्वांत कडक जातात. जुलै-ऑगस्टमध्ये बरेच सुसह्य होते. बाहेरची कामे दहाच्या आत उरकावीत, दुपारी पंख्याखाली पडावे आणि काळोखापूर्वी घरी यावे. मोंबासात मुस्लिम वस्ती मोठी आहे. तुमच्या साडीला तिथे मानच मिळेल, आणि रमजानच्या दिवसांत उघड्यावर खाणेपिणे टाळले तर शेजार आणखी जुळेल.

नातवंडांशी बोलण्याची वेळ बदला. केनियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. रात्रीचे जेवण आटोपून साडेआठला तुम्ही फोन कराल तेव्हा नाशिकला अकरा वाजलेले असतात, मुले पेंगुळलेली असतात आणि तुम्हाला वाटते की ती दुरावली. त्याऐवजी दुपारी चारला करा, म्हणजे तिकडे साडेसहा वाजलेले असतील आणि मुले खेळून आलेली असतील. दिवेलागणीची वेळ मोकळी राहिली तर ती शेजारणींसाठी ठेवा.

आणखी एक सांगतो, कारण तुम्ही नाशिकच्या आहात. ज्या शरणपूर रस्त्यावरून तुम्ही अनेकदा गेला असाल, त्या शरणपुरात एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम चालवला होता. तिथे वाढलेल्यांपैकी जेकब वेनराइट हे आफ्रिकेत फिरलेले मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासात होते, आणि १८७४ मध्ये लंडनला झालेल्या त्यांच्या अंत्यविधीतही होते. नाशिकला शिकलेल्या अशा कित्येक स्त्री-पुरुषांना पुढे मोंबासाजवळ वसवले गेले. त्या वस्तीला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून फ्रियरटाऊन हे नाव पडले, आणि ती उभारण्यासाठी १८७४-७५ मध्ये गेलेले विल्यम सॉल्टर प्राइस हेही आधी नाशिकलाच होते. फ्रियरटाऊन आज मोंबासा शहराचाच भाग आहे. एका शनिवारी यजमानांबरोबर तिथल्या जुन्या चर्चला जा आणि आपण नाशिकचे आहोत हे तिथल्या वडीलधाऱ्यांना सांगा. परक्या गावी पाय ठरण्यासाठी इतका जवळचा धागा फार थोड्यांना लाभतो.

हा सगळा बदल चार-सहा महिने करून पाहा. त्यानंतरही प्रकृती ढासळत असेल, झोप आणि अन्न सुटले असेल, तर मुदतीआधी परतण्यात कमीपणा मानू नका आणि यजमानांनाही मानू देऊ नका. मुलाला सध्या एवढेच सांगा की आम्ही ठरवून कळवू.

प्रश्न : आम्ही अहिल्यानगरचे निवृत्त दांपत्य. मी ७१ वर्षांचा, पत्नी ६६. केनियात मंडळीच्या रुग्णालयात मदतीसाठी बोलावणे आले आहे. दोघांनाही रक्तदाब, मला मधुमेह. लसी आणि कागदपत्रांचे काय?

उत्तर : पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचा विचार सर्वांत आधी करा. केनियातून भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र मागितले जाते, आणि नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. लस फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य ठरते आणि आता ते आयुष्यभर चालते. मात्र साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका, दुर्मिळ असला तरी, तरुणांपेक्षा जास्त असतो. तेव्हा केंद्रावर जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी दोघांचाही स्वतंत्र विचार करावा, आणि त्यांनी लस नको म्हटले तर परतीच्या वेळी विलगीकरणाची तयारी ठेवावी.

हिवतापाचा धोका किनाऱ्यावर आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात जास्त, नैरोबीसारख्या उंचावरच्या भागात कमी. प्रतिबंधक गोळ्या तुमच्या चालू औषधांशी पटतात का, हे विचारून घ्या, मच्छरदाणीत झोपा, आणि ताप आला तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी रक्त तपासा. भारतात परतल्यावरही काही महिने ताप आला तर केनियात राहून आलो हे डॉक्टरांना न विचारता सांगा. औषधांची चिठ्ठी व्यापारी नावांऐवजी मूळ घटकांच्या नावाने लिहून घ्या, म्हणजे तिथल्या औषधविक्रेत्याला कळेल.

पर्यटकाच्या प्रवेशपरवान्यावर सेवाकार्य करता येत नाही. धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी ‘आय’ वर्गाचा परवाना लागतो आणि तो बोलावणाऱ्या संस्थेनेच मागायचा असतो, म्हणून तो हाती आल्याखेरीज घर बंद करण्याची घाई करू नका. सामान बांधताना प्लास्टिकच्या पिशव्या वापरू नका. केनियात २०१७ पासून त्यांवर कडक बंदी आहे. लाडू-चिवडा डब्यांत आणि कपडे कापडी पिशव्यांत भरा.

प्रश्न : परदेशात असताना निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला कसा द्यायचा?

उत्तर : नोव्हेंबरचा दाखला ‘जीवन प्रमाण’ या सुविधेने मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. ते न जमल्यास भारतीय वकिलातीतील अधिकाऱ्याकडून साक्षांकन घेता येते. नैरोबीला उच्चायुक्तालय आहे आणि मोंबासाला सहायक उच्चायुक्तालय. आपले कोषागार किंवा बँक कोणता नमुना स्वीकारते, हे निघण्यापूर्वीच लेखी विचारून घ्या. बँकेचा आणि आधारचा ओटीपी भारतातल्या क्रमांकावर येतो, म्हणून तो क्रमांक बंद पडू देऊ नका, त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या आणि त्याचा रिचार्ज वेळच्या वेळी करण्याचे काम मुलांपैकी एकाकडे सोपवा.